‘दुर्मीळ’ म्हणजे किती? स्तनाची पुनर्रचना, सिलिकोन आणि नोंदीचे महत्त्व



बाईंच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलण्यासाठी आपण मला बोलावलेत, याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. बाईंनी आम्हांला गणित शिकवले. गणितात मी कधी चमकलो नाही, पण त्यांची एक शिकवण आयुष्यभर उपयोगी पडली. कोणी नुसता आकडा सांगितला की त्या विचारीत, “कितीपैकी?” अपूर्णांकाचा अंश सांगून छेद गाळला तर उत्तर त्यांच्या लेखी चूक असे. आज मी जो विषय घेतला आहे, त्याचा गाभा बाईंचा हा प्रश्नच आहे.

विषयाचे नाव निमंत्रणपत्रिकेत वाचून काही जणांच्या भुवया उंचावल्या असतील. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने शल्यचिकित्सेवर, त्यातही स्तनाच्या पुनर्रचनेवर बोलावे, हे चमत्कारिक वाटणे स्वाभाविक आहे. यामागे दोन कारणे आहेत. एक घरगुती आहे आणि ते मी ओघात सांगेन. दुसरे कारण भाषेचे आहे. वैद्यकातील एक शब्द रुग्णाच्या कानी पडतो तेव्हा त्याचा अर्थ बदलतो, आणि त्या बदलाची किंमत रुग्णाला मोजावी लागते. तो शब्द म्हणजे ‘दुर्मीळ’. माझ्या या भाषणाचा मसुदा शहरातील दोन शल्यचिकित्सकांनी वाचून दिला आहे. त्यांचे आभार मानतो, आणि शब्दार्थाची जबाबदारी मात्र माझ्याकडेच ठेवतो.

आपल्या भाषेत कमी आढळणाऱ्या गोष्टींसाठी अनेक शब्द आहेत. ज्याची आस धरावी ते दुर्लभ. लाखांत एखादा असतो तो विरळा. अधूनमधून घडते ते क्वचित. ‘दुर्मीळ’ हा शब्द आपण जुने ग्रंथ, नाणी, पोथ्या यांच्यासाठी वापरतो, कारण मिळायला कठीण असा त्याचा साधा अर्थ आहे. मिळवण्याची इच्छा त्यात गृहीत आहे. रोग कोणालाच मिळवायचा नसतो. म्हणून ‘दुर्मीळ गुंतागुंत’ हा शब्दप्रयोग मला खटकतो. पण तो रूढ झाला आहे, आणि रुग्ण त्याचा अर्थ ‘मला होणार नाही’ असा लावतात.

माझे पीएच.डी.चे काम मराठी हस्तलिखितांवर होते. त्या निमित्ताने आपल्या प्राच्यविद्या मंदिरात बरीच वर्षे बसलो. तेथे एक गोष्ट ध्यानात आली. एखाद्या पोथीची एकच प्रत ज्ञात असली की ती दुर्मीळ म्हणून नोंदली जाई. पुढे कोणी यादी करण्यासाठी गावोगाव फिरले, घरांच्या माळ्यांवरची गाठोडी सोडली, की तिच्या आणखी प्रती निघत. त्या प्रती नव्याने लिहिल्या गेल्या नव्हत्या. कोणी मोजल्या नव्हत्या, एवढेच. सिलिकोनच्या इम्प्लांटच्या बाबतीत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत नेमके हेच घडले आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. शरीराचा हरवलेला अवयव पुन्हा घडवण्याची विद्या आपल्याला परकी नाही. सुश्रुताच्या संहितेत नाकाच्या पुनर्रचनेचे वर्णन आहे. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात कावसजी नावाच्या एका मराठी गाडीवानाची हकीकत छापली गेली. इंग्रज फौजेत बैल हाकणारा हा माणूस टिपूच्या लोकांच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या समाजातील एका कारागिराने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक दिले. युरोपातील शल्यचिकित्सक ती हकीकत वाचून या विद्येकडे वळले. त्या शस्त्रक्रियेत वापरलेले सारे द्रव्य रुग्णाच्या स्वतःच्या शरीरातले होते.

स्तनाच्या बाबतीतही आरंभ असाच झाला. १८९५ साली जर्मनीत व्हिन्सेंट्स चेर्नी या शल्यचिकित्सकाने एका रुग्णेच्या पाठीवरची चरबीची गाठ काढून ती स्तनाच्या जागी बसवली. १९०६ साली इटलीत टान्सिनी यांनी पाठीचा स्नायू पुढे आणून छातीवरची जखम झाकली. त्याच सुमारास बाहेरचे द्रव्य शरीरात घालण्याचे प्रयोगही सुरू झाले होते. पॅराफिन टोचण्याचा प्रयोग झाला आणि त्यातून कठीण गाठी व व्रण निर्माण झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर पातळ सिलिकोन टोचले गेले. त्याचेही परिणाम वाईट झाले. पुढे १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टन येथे थॉमस क्रोनिन आणि फ्रँक जेरो या दोघांनी सिलिकोनच्या पातळ पिशवीत सिलिकोनचाच जेल भरून ती शरीरात बसवली. आजचे इम्प्लांट त्या पिशवीचे वंशज आहेत.

‘सिलिकोन’ या नावाचीही एक गंमत आहे. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक किपिंग यांना विसाव्या शतकाच्या आरंभी ही संयुगे कीटोन नावाच्या वर्गासारखी वाटली, म्हणून त्यांनी हे नाव योजले. रचना तशी नाही हे पुढे उमगले, पण नाव टिकून राहिले. नावावरून वस्तू ओळखू नये, हा धडा भाषेच्या विद्यार्थ्याला येथेही मिळतो.

स्तनाच्या कर्करोगात स्तन काढावा लागलेल्या स्त्रीला पुनर्रचनेने मोठा आधार मिळतो, हे मी सुरुवातीलाच स्पष्ट करतो. आरशात पाहण्याचे, पदर सावरून चारचौघांत वावरण्याचे धैर्य परत येते. या शस्त्रक्रियेविरुद्ध बोलण्यासाठी मी उभा नाही. इम्प्लांटभोवती शरीर स्वतःच्या ऊतीचे एक पातळ आवरण तयार करते. त्याला कॅप्सूल म्हणतात. हे आवरण आक्रसून स्तन कडक होणे, इम्प्लांट फुटणे, जंतुसंसर्ग होणे, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणे, या गोष्टी बऱ्यापैकी आढळतात आणि डॉक्टर त्या सांगतातही. किरणोपचार झाले असतील तर आवरण आक्रसण्याची शक्यता वाढते. मला बोलायचे आहे ते याहून कमी आढळणाऱ्या गोष्टींविषयी.

१९९२ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सिलिकोन जेलच्या इम्प्लांटवर निर्बंध आणले. सौंदर्यासाठी त्यांचा वापर थांबला. कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेसाठी मात्र, अभ्यासाखाली नोंद करून, परवानगी राहिली. त्या काळी मोठी भीती होती ती शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते अशा संधिवातासारख्या रोगांची. हजारो दावे दाखल झाले, आणि डाऊ कॉर्निंग या बड्या कंपनीने १९९५ साली दिवाळखोरी पत्करली. १९९९ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने साऱ्या पुराव्याची छाननी केली. या रोगांशी इम्प्लांटचा संबंध दिसत नाही, खरी चिंता इम्प्लांट फुटणे व आवरण आक्रसणे यांसारख्या स्थानिक गुंतागुंतींची आहे, असा तिचा निष्कर्ष होता. २००६ साली निर्बंध उठले.

या गदारोळात १९९७ साली प्लास्टिक सर्जरीच्या एका नियतकालिकात कीच आणि क्रीच या दोन डॉक्टरांचे एक लहानसे पत्र छापून आले. इम्प्लांट असलेल्या एका स्त्रीच्या स्तनात त्यांना लिम्फोमा, म्हणजे लसीका संस्थेचा कर्करोग, आढळला होता. तो स्तनाच्या ऊतीत उगवणारा नेहमीचा कर्करोग नव्हता. एका रुग्णेची नोंद, एवढेच ते पत्र होते. वर्तमानपत्रांनी त्याची दखल घेतली नाही. पण आज ‘बी.आय.ए.-ए.एल.सी.एल.’ या लांबलचक नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोगाची ती पहिली नोंद ठरली.

२०११ साली अमेरिकेच्या प्रशासनाने प्रथम जाहीर सूचना काढली, तेव्हा जगभरातल्या सुमारे ६० रुग्णा त्याला ठाऊक होत्या. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने या रोगाला स्वतंत्र स्थान दिले. जुलै २०१९ पर्यंत ही संख्या ५७३ वर गेली होती आणि त्यांत ३३ मृत्यू नोंदले गेले होते. त्या ५७३ पैकी ४८१ रुग्णांमध्ये एकाच कंपनीची, ॲलर्गनची, इम्प्लांट होती. प्रशासनाच्या सांगण्यावरून कंपनीने ‘बायोसेल’ हा खरखरीत पृष्ठभागाचा प्रकार जगभरातून परत बोलावला. फ्रान्सने त्याआधीच, एप्रिलमध्ये, अधिक खरखरीत प्रकारांवर बंदी घातली होती. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. पिशवीच्या आत सिलिकोन आहे की मिठाचे पाणी, यावर हा रोग अवलंबून नाही. त्याचा संबंध पिशवीच्या पृष्ठभागाशी आहे. पृष्ठभाग खरखरीत केला होता तो आवरण आक्रसू नये आणि इम्प्लांट जागचे हलू नये या चांगल्या हेतूने. दीर्घकाळ चालणारा दाह, पृष्ठभागावर वस्ती करणारे जंतू, काही स्त्रियांची आनुवंशिक प्रवृत्ती, अशी कारणे अभ्यासक मांडतात. त्यांचा मेळ कसा बसतो यावर अजून काम चालू आहे.

आता बाईंचा प्रश्न विचारू या. कितीपैकी?

नेदरलँड्समध्ये देशभरातले ऊतितपासणीचे अहवाल एकत्र नोंदले जातात. त्या आधारे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, इम्प्लांट असलेल्या स्त्रियांत वयाच्या पन्नाशीपर्यंत सुमारे ३५,००० मध्ये एक आणि पंचाहत्तरीपर्यंत सुमारे ७,००० मध्ये एक स्त्री या रोगाला बळी पडते. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयात एका शल्यचिकित्सकाने १९९२ ते २०१७ या काळात ३,५४६ स्त्रियांची पुनर्रचना खरखरीत इम्प्लांट वापरून केली होती आणि त्यांचा मागोवा ठेवला होता. त्यांतल्या १० स्त्रियांना हा लिम्फोमा झाला. म्हणजे ३५५ मध्ये एक.

पस्तीस हजारांत एक कुठे आणि साडेतीनशेत एक कुठे! यांत कोणी खोटे बोलले नाही. पहिल्या अपूर्णांकाच्या छेदात सर्व प्रकारची इम्प्लांट असलेल्या साऱ्या स्त्रिया आहेत, आणि एका ठराविक वयापर्यंतचा हिशेब आहे. दुसऱ्याच्या छेदात केवळ खरखरीत पृष्ठभागाची इम्प्लांट असलेल्या, कर्करोगातून उठलेल्या आणि दीर्घकाळ डोळ्यांखाली राहिलेल्या स्त्रिया आहेत. अंश सांगायला सोपा असतो, छेद सांगायला नोंदवही लागते. ‘दुर्मीळ’ या शब्दात हा छेद दडपला जातो. मराठीत छेद म्हणजे कापणेही. शस्त्रक्रियेचा छेद घेण्यापूर्वी अपूर्णांकाचा छेद विचारावा, असे मी म्हणेन.

या रोगाची खूण साधी आहे. शस्त्रक्रियेनंतर बहुधा सात-आठ किंवा अधिक वर्षांनी, काही कारण नसताना एका बाजूला सूज येते. इम्प्लांटभोवती पाणी साठते. कधी गाठ लागते. अशी सूज आलेल्या बहुतेक स्त्रियांना हा रोग नसतो, पण ते पाणी काढून विशिष्ट तपासणीला पाठवल्याशिवाय हे ठरत नाही. रोग आवरणापुरता असेल तर इम्प्लांट आणि संपूर्ण आवरण काढून टाकल्याने बहुसंख्य रुग्णा बऱ्या होतात. उशीर झाला तर तो पसरतो. आणि हेही तितकेच महत्त्वाचे की, ज्यांना काही त्रास नाही त्यांनी घाबरून इम्प्लांट काढून घ्यावे, असे अमेरिकेच्या प्रशासनाने सांगितलेले नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याच प्रशासनाने आणखी एका प्रकाराची सूचना दिली. आवरणात उद्भवणाऱ्या स्क्वेमस पेशींच्या कर्करोगाच्या तेव्हा वीसहून कमी नोंदी होत्या. १९९७ मध्ये लिम्फोमाची एकच नोंद होती, हे आठवून त्या वीसकडे पाहावे.

आता घरगुती कारण सांगतो. माझ्या धाकट्या बहिणीच्या संमतीनेच सांगत आहे. २००४ साली तिचा एक स्तन कर्करोगामुळे काढावा लागला. पुढल्या वर्षी दुसऱ्या एका शहरातील रुग्णालयात सिलिकोनचे इम्प्लांट बसवून पुनर्रचना झाली. अकरा वर्षे ती ठणठणीत होती. २०१६ साली तिच्या काखेत गाठ लागली. पाच महिने तिने कोणाला सांगितले नाही. अखेर माझ्या पत्नीजवळ ती बोलली. “वहिनी, काखेतली गाठ म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. पुन्हा ते सगळं करायची ताकद नाही माझ्यात.” पेट स्कॅन झाला आणि त्यात ती गाठ उजळून दिसली. घरात सर्वांनी मनोमन ठरवून टाकले की, रोग परतला. केमोथेरपीच्या खर्चाची बोलणी सुरू झाली.

गाठीचा तुकडा तपासणीला गेला. तपासणाऱ्या डॉक्टरांनी अहवाल देण्यापूर्वी फोन करून एकच प्रश्न विचारला, “यांना इम्प्लांट आहे का?” तपासणीच्या कागदावर ते कोणी लिहिलेच नव्हते. गाठीत कर्करोगाच्या पेशी नव्हत्या. सिलिकोन होते. इम्प्लांट कधीतरी, कोणतीही वेदना न होता फुटले होते आणि जेलचे कण लसीकावाहिन्यांतून काखेतल्या ग्रंथींत जाऊन बसले होते. शरीराने त्यांभोवती दाहाच्या पेशींचा वेढा घातला होता. असा दाह पेट स्कॅनमध्ये कर्करोगासारखाच उजळू शकतो. पुढे एम.आर.आय. झाला, फुटलेले इम्प्लांट काढले गेले आणि ती आज बरी आहे. ते इम्प्लांट कोणत्या कंपनीचे होते, पृष्ठभाग गुळगुळीत होता की खरखरीत, हे कागदपत्रांतून समजले नाही. घरी देण्यात आलेल्या कागदावर केवळ ‘सिलिकोन इम्प्लांट’ एवढे दोन शब्द होते. संमतिपत्र इंग्रजीत होते. त्यात दुर्मीळ गुंतागुंती संभवतात, असे एक वाक्य होते, आणि त्याखाली बहिणीची मराठीतली सही होती.

त्या पाच महिन्यांचा मी पुष्कळ विचार केला. बहीण शिकलेली आहे. भीती होती हे खरे. पण सांगायचे कसे, हाही प्रश्न होता. आपल्या घरांत ‘स्तन’ हा शब्द उच्चारला जात नाही. काव्यात तो चालतो, व्यवहारात ‘छातीत दुखते’ असे म्हणून वेळ निभावली जाते. ‘छाती’ या शब्दाने डॉक्टरांचे लक्ष हृदयाकडे जाते. तिच्याजवळ ‘इम्प्लांट फुटणे’, ‘उशिरा येणारी सूज’ असे शब्द कोणी दिलेच नव्हते. ज्या गोष्टीला नाव नाही, तिची तक्रार करता येत नाही. तक्रार झाली नाही तर नोंद होत नाही. नोंद नसली की ती गोष्ट दुर्मीळच राहते.

नोंदीअभावी काय होते, याचे फ्रान्समधले उदाहरण सर्वांना ठाऊक असावे. पी.आय.पी. नावाची कंपनी वैद्यकीय दर्जाच्या सिलिकोनऐवजी औद्योगिक वापराचे स्वस्त सिलिकोन भरीत होती. २०१० साली ते उघडकीस आले. कंपनीच्या संस्थापकाला २०१३ साली चार वर्षांची शिक्षा झाली. जगभरातल्या सुमारे तीन लाख स्त्रियांच्या शरीरात ती इम्प्लांट होती, आणि त्यांतल्या कितीतरी जणींना आपल्या शरीरात कोणत्या कंपनीचे इम्प्लांट आहे हेच ठाऊक नव्हते. २०१५ पासून नेदरलँड्सने प्रत्येक इम्प्लांटची राष्ट्रीय नोंदवही ठेवायला सुरुवात केली. आपल्या देशातही वैद्यकीय उपकरणांपासून झालेल्या अपायांची नोंद घेण्याचा ‘मटेरिओव्हिजिलन्स’ हा कार्यक्रम ६ जुलै २०१५ रोजी सुरू झाला आणि गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे त्याचे काम सोपवले गेले. डॉक्टरांमार्फत तेथे तक्रार पोहोचवता येते. किती घरांना हे माहीत आहे?

आपण बडोद्याचे लोक आहोत. या संस्थानाने १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा राज्यकारभारातील शब्दांचा बहुभाषिक कोश छापला, कारण प्रजेला न कळणाऱ्या भाषेत कारभार करू नये, अशी महाराजांची दृष्टी होती. रुग्णाची संमती हाही एक कारभारच आहे, आणि तो रुग्णाच्या शरीरावरचा आहे. ती संमती त्याला कळणाऱ्या भाषेत, मराठीत किंवा गुजरातीत, घेतली गेली पाहिजे. अमेरिकेत ऑक्टोबर २०२१ पासून इम्प्लांट बसवण्यापूर्वी रुग्णेबरोबर एकेक धोक्याची यादी वाचून, प्रत्येक मुद्द्यापुढे तिची आद्याक्षरे घेण्याचे बंधन घातले गेले. अशी यादी आपल्या भाषांत करणे फार कठीण काम नाही. येथे बसलेल्या माजी विद्यार्थ्यांत डॉक्टर आहेत. त्यांनी मजकूर द्यावा, भाषा पाहून देण्याचे काम या वयातही मी आनंदाने करीन.

भगिनींना माझ्या चार विनंत्या आहेत. पुनर्रचना करून घ्यायची असेल तर इम्प्लांटचे नाव, कंपनी, पृष्ठभागाचा प्रकार आणि अनुक्रमांक असलेले कार्ड मागून घ्यावे, आणि घराच्या दस्तऐवजांबरोबर जपून ठेवावे. स्वतःच्या ऊतीतून पुनर्रचना शक्य आहे का, हेही विचारावे. इम्प्लांट न दुखता फुटू शकते, म्हणून अमेरिकेच्या प्रशासनाची शिफारस अशी आहे की, सिलिकोन जेलच्या इम्प्लांटची पहिली सोनोग्राफी किंवा एम.आर.आय. पाच-सहा वर्षांनी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी व्हावी. आपल्या डॉक्टरांशी त्याविषयी बोलावे. आणि सूज, गाठ, आकारातला बदल यांपैकी काहीही जाणवले तर त्याच आठवड्यात सांगावे, आणि तपासणीच्या प्रत्येक कागदावर ‘इम्प्लांट आहे’ हे लिहिले आहे ना, ते स्वतः पाहावे.

बंधूंना विनंती एवढीच की, घरात हे शब्द उच्चारले जातील असे वातावरण ठेवावे. बहिणीला, पत्नीला, आईला आपल्या शरीराविषयी बोलताना आडवळण घ्यावे लागू नये.